दादांकडे ठेवलेलं झाड

बारामती,
१० जून २०२४

ती. दादांना मंदाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि सुकन्या मधे बसून निरोप सांगायला लागली की माझं निम्मं बोलणं तिच्याकडेच राहतं. तुमची सून हुशार आहे, पण निरोप स्वतःच्या मनानं देते. म्हणून कागद काढून बसले.

या पत्राबरोबर अजितच्या दुधाच्या टेम्पोतून एक झाड पाठवते आहे. मॉन्स्टेरा म्हणतात त्याला. चौदा वर्षांपूर्वी शाळेतल्या एका बाईंनी बाटलीत घालून पेरासकट एक पान दिलं होतं, ते आता माझ्या खांद्याला लागतं. उतरवताना दोघांनी कुंडी धरा. मधल्या काथ्याच्या खांबाला धरून उचललंत तर झाड एकीकडे आणि खांब एकीकडे होईल.

कारण सांगते. मिहिरनं हा फ्लॅट विकला. हे गेले त्या वर्षी मीच तो त्याच्या नावावर करून दिला होता. "आई, पुढे त्रास नको," असं म्हणाला म्हणून. पुढे कुणाला त्रास नको, ते मी विचारलं नव्हतं. दिवाळीच्या आत जागा रिकामी करायची आहे. त्याच्या पुण्याच्या घरात दोन खोल्या, त्यातली एक नातीच्या, श्रियाच्या, दहावीसाठी. मला त्यानं एका वृद्धाश्रमाचं गुळगुळीत कागदाचं पुस्तक आणून दिलं आहे. त्यात सगळ्या म्हाताऱ्या हसताना दाखवल्या आहेत. मी कुठे जाणार ते अजून ठरलेलं नाही. आधी झाडाची सोय लावते, मग माझी बघू.

आता नीट वाचा. हा ऊस नाही. पाणी सोडून दिलं आणि बांधावर जाऊन बसलं, असं इथे चालत नाही. मातीत दोन पेरं बोट घालायचं. कोरडं लागलं तर तांब्याभर पाणी, ओलं लागलं तर बोट धुऊन टाकायचं. उजेड हवा, पण अंगावर ऊन नको. पानांवर धूळ बसली की ओल्या फडक्यानं पुसायची. गुरांना तोंड लावू देऊ नका, पान खाल्लं तर जीभ सुजते. आणि अंगणात, तुळशीपाशी वगैरे ठेवू नका. हे घरातलं झाड आहे, घरात ठेवा. बाहेरच्या खोलीत तुमच्या खुर्चीजवळ खिडकी आहे, तिथे त्याला बरं वाटेल.

तुमची,
मंदा


लासुर्णे,
१८ जून २०२४

चि. मंदाला आशीर्वाद.

झाड पोचलं. अजितनं टेम्पोतून खाली उतरवलं आणि मला म्हणाला, "आबा, एवढं दूध घालतो मी बारामतीला, पर ह्याच्याएवढं जपून काय नेलं न्हाय कधी." बहुतेक तू त्याला दम दिला असणार.

पानं उलगडून बघितली. एकेका पानाला आठ-दहा भोकं, कडेला तर पार फाटून गेलेलं. एवढी शिकलेली बाई, आणि झाडाला अळी लागलेली दिसली नाही हिला, असं मनात आलं. शेजारच्या मक्यावर मागं लष्करी अळी पडली होती, ती अशीच खाते. त्यातलं औषध थोडं उरलं होतं. पाठीवरचा पंप घेतला आणि वरून, खालून, दोन्ही अंगांनी फवारा मारला. अळी एकही खाली पडली नाही. परत कधी मारायचा ते कळव.

फ्लॅटचं वाचून जीव खाली-वर झाला. मिहिर सुट्टीला यायचा तेव्हा कुशाच्या पदराला धरून फिरायचा. आता कुशाला जाऊन दोन वर्षं झाली. ती असती तर म्हणाली असती, जावा आणि मंदावन्संना आजच घेऊन या. तिचं घरात चालायचं.

झाड बाहेरच्या खोलीत खिडकीला ठेवलंय. काळजी करू नकोस. दिवाळीला ये.

तुझा,
दादा


बारामती,
२ जुलै २०२४

ती. दादांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून विचारायला आल्या. अहो, भोकं ही त्या पानाची जातच आहे. रानात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा वेल तो. पान मोठं झालं की आपोआप फाटतं, भोकं पडतात. ज्या पानाला भोकं नाहीत ते लहान, असं समजायचं. चौदा वर्षांत मी त्याला कधी औषध दाखवलं नाही आणि तुम्ही पहिल्याच दिवशी आंघोळ घातलीत. आता प्रत्येक पान साध्या पाण्यानं दोनदा पुसून काढा आणि तो पंप कुलपात ठेवा.

आणखी एक. झाड उजेडाकडे झुकतं. एकाच बाजूला झुकत राहिलं तर कलंडतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी कुंडी थोडी फिरवायची. नवं पान कुठल्या बाजूला वळतंय ते कळवा, म्हणजे किती फिरवायची ते सांगते.

आता माझं सांगते. दिवाळीला ये म्हणालात, पण चार दिवस पाहुणी म्हणून यायला मला जमणार नाही. मला राहायला यायचं आहे. आईची मागची खोली मला पुरेल. पेन्शन येते, माझ्या जेवणाखाण्याचा भार कुणावर पडायचा नाही. गुडघे दुखतात, पण माझं मी करते.

हे मागताना मला लाज वाटत नाही, कारण शब्द तुमचाच आहे. अठ्ठ्याण्णव साली इंदापूरला आले आणि वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा तुम्हाला सोडल्याच्या कागदावर सही केली. आपल्याकडे सगळ्याच बहिणी करतात, मीही केली. मला साडीचोळी झाली. कचेरीच्या पायरीवर तुम्ही म्हणालात, "मंदे, जमीन माझी झाली, पर घर तुझंच हाय." मी काही ते कागदावर लिहून मागितलं नव्हतं.

मला एकच ओळ पाठवा. ये, नाहीतर येऊ नकोस.

मंदा


लासुर्णे,
१४ ऑगस्ट २०२४

चि. मंदाला आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. उसाला खत टाकायचं चाललं होतं, मग पाऊस लागला.

झाड छान आहे. तू म्हणालीस तशी पानं पुसली. कुशाचं एक जुनं मऊ लुगडं होतं, ते फाडून फडकी केली. दोन पानं पिवळी पडून गळाली, बहुतेक माझ्या औषधानं. पण गेल्या आठवड्यात नवं पान आलं. आधी हिरवी सुरळी दिसली. रोज सकाळी उठलो की आधी तीच बघायचो. चौथ्या दिवशी उलगडली. मी भोकं मोजली, अकरा आहेत. तुझ्या घरी एवढी कधी आली होती का? कारखान्यावरून मळी आणली होती, उसाला घालतो ती. त्यातली ओंजळभर कुंडीत टाकणार होतो, पण ती कच्ची असली की तापते आणि मुळ्या भाजते. हात आखडता घेतला. तू ओरडली असतीस.

खोडाला दोरीसारख्या मुळ्या फुटून हवेत लोंबायला लागल्यात. त्या खांबाला बांधल्या. चूक असेल तर सांग. सगळी पानं उगवतीला तोंड करून उभी आहेत, एक पान मागं बघत नाही. आता कुंडी किती फिरवू?

तुझ्या दुसऱ्या गोष्टीचं युवराजशी बोलायचं आहे. सध्या पोरगा प्लॉटिंगच्या कामात आहे, घरात असतो कुठं. सवडीनं बोलतो.

तुझा,
दादा


बारामती,
२० ऑगस्ट २०२४

दादा,

उगवतीला?

बाहेरच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे, म्हणजे उत्तरेला. आईच्या खोलीची मावळतीला. स्वयंपाकघराला झरोका आहे, खिडकी नाही. तुमच्या सगळ्या वस्तीवर पूर्वेला खिडकी असलेली जागा एकच, विहिरीवरची मोटारखोली. तिची खिडकी बसवली तेव्हा विटा मीच गवंड्याच्या हातात देत होते, मला चांगलं आठवतं. पस्तीस वर्षं मुलांना वनस्पतीशास्त्र शिकवलं आहे. झाड कुठे ठेवलंय ते मला पानांवरून कळतं.

म्हणजे माझं झाड तुम्ही घरातून काढलंत आणि मोटारीच्या ग्रीसमध्ये, पाइपांच्या ढिगात नेऊन ठेवलंत. वर मला लिहिता, खिडकीला ठेवलंय. खोटं नाही लिहिलंत, खिडकी आहेच तिथे. मी एक ओळ मागितली होती, तुम्ही दोन परिच्छेद झाडाचे लिहिलेत. एका कुंडीला घरात जागा झाली नाही तिथे मला काय होणार, हे मला समजलं.

मला राग याचा नाही की जागा नाही. राग याचा आहे की तुम्ही तोंडावर सांगितलं नाहीत. सव्वीस वर्षं मी दर भाऊबीजेला ओवाळायला आले, कधी बांधावरचा आंबा मागितला नाही, जावा-नणंदांत मिरवलं की माझं माहेर भक्कम आहे. आता ऐका. इंदापूरला वकील अजून आहेत, आणि मुलींचा हिस्सा मुलींना मिळतो हे रोज पेपरात येतं. मी काही मागणार नाही, असं धरून चालू नका.

झाड अजितबरोबर परत पाठवा.

मंदा


लासुर्णे,
६ सप्टेंबर २०२४

चि. मंदाला आशीर्वाद.

तुझं पत्र आधी सुकन्यानं फोडलं, मग युवराजनं वाचलं, मग मला मिळालं. इथून पुढं संभाजीच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर लिही.

झाड मोटारखोलीतच आहे. मीही मोटारखोलीतच आहे, संक्रांतीपासून.

तुला कळवणार नव्हतो. बाहेरच्या खोलीत युवराजनं ऑफिस केलंय. काचेचं टेबल, थंड हवेचं मशीन, प्लॉट घेणारी माणसं येतात. त्यांच्यासमोर खोकणारा म्हातारा बरा दिसत नाही. आईच्या खोलीत सुकन्याचं सामान आहे. युवराज मला म्हणाला, "आबा, तुमी तसंबी दिसभर रानातच असता, हितं झोपायला तरी कशाला येता?" हसून म्हणाला, मीही हसलो. खाट नेऊन टाकली. जेवणाचा डबा येतो, वेळेवर येतो. मोटार सुरू झाली की भिंती हालतात, पण मला ऐकू कुठं येतंय. बहिरेपणाचा एवढा तरी फायदा.

झाड आलं तेव्हा खरंच त्या खोलीत ठेवलं होतं. आठ दिवसांत थंड हवेनं पानांच्या कडा वाळल्या. सुकन्यानं ते उचलून पडवीत उन्हात ठेवलं, दोन पानं करपली. ती मी औषधावर घातली, तुला खोटं लिहिलं. मग मी हातगाडीवर घालून ते माझ्याकडं आणलं. घरातून काढून दिलेलं नाही मंदा, मी माझ्याजवळ आणलंय. इथं विहिरीचा गारवा आहे, सकाळचं कवळं ऊन खिडकीच्या जाळीतून येतं, तुझ्या झाडाला मानवलंय. तरीही पाहिजे असेल तर पाठवतो.

कुशाचं वर्षश्राद्ध झालं आणि मी सगळी जमीन आणि घर पोराच्या नावावर करून दिलं. तो म्हणाला, आबा आत्ताच करून टाकू, पुढं कचेरीचे हेलपाटे नकोत. त्याच्यानंतर घरात मी काही बोललो की सगळे मोबाइलमध्ये बघतात.

तुला ये म्हणायला दार माझ्या हातात पाहिजे ना. पायरीवर बोललो ते खोटं नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं की घर माझं आहे. मला माफ कर. आणि युवराजला काही बोलू नकोस. त्याला कारखान्याच्या निवडणुकीला उभं राहायचंय, बापाला बाहेर ठेवलं असं गावानं म्हणायला नको.

तुझा,
दादा


बारामती,
३० सप्टेंबर २०२४

ती. दादांना नमस्कार.

तुमचं पत्र आल्यापासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. झाड परत नको. हवेतल्या मुळ्या बांधल्यात ते बरोबर केलंत. कुंडी दर पंधरवड्याला पाव फिरवा, म्हणजे सारखं वाढेल.

काल युवराज आणि सुकन्या आले होते. पेढे, साडी, सगळं घेऊन. युवराज माझ्या पाया पडला. म्हणाला, "आत्या, तुमाला कशाला वकील लागतोय? तुमचं घर हाय, कवाबी या." मी विचारलं, दादा कुठे झोपतात. सुकन्या म्हणाली, आबांनाच रानात बरं वाटतं. मग मी तुम्ही नको म्हणाला होतात तेच केलं. शिक्षिका होते, कुणाला उभं करून कसं विचारायचं ते मला येतं. युवराजची मान खाली गेली.

त्याला माझी एक सही पाहिजे. विहिरीकडचा छोटा तुकडा जुन्या कागदात घालायचा राहून गेला म्हणे, त्याची दुरुस्ती. रस्त्याला लागून पेट्रोल पंप करायचं त्याच्या मनात आहे. मी म्हटलं, सही देते, पण फुकट देणार नाही. मला राहायला जागा पाहिजे आणि दादा उघड्यावर राहता कामा नयेत. तो म्हणाला, "आत्या, दोघांची सोय एका ठिकाणीच करतो. शब्द देतो."

पितृपक्ष संपला की सही करायची ठरलं आहे. पुढच्या मंगळवारी, आठ तारखेला, तो गाडी घेऊन मला इंदापूरला न्यायला येणार आहे. दादा, गेले तीन महिने मी रोज सकाळी उठून पहिला विचार करायचे की कुठे जाऊ. आज तो केला नाही. मिहिरला फोन करून सांगितलं, तुझं पुस्तक परत घेऊन जा, मी माझ्या माहेरी चालले.

तुमच्यासाठी जाड सतरंजी घेतली आहे.

तुमची,
मंदा


लासुर्णे,
५ ऑक्टोबर २०२४

मंदा,

संभाजी लेकीकडं गेला होता, दुकान बंद होतं. तुझं पत्र काल संध्याकाळी हातात पडलं. अजितचा टेम्पो बिघडून पडलाय आणि तुझा नंबर घरच्यांच्याच फोनात आहे, म्हणून हे आत्ताच संभाजीकडं पोस्टात टाकायला देतोय. मिळाल्याबरोबर वाच आणि सही करू नकोस.

परवा दोन माणसं आली आणि मोटारखोलीला आतून चुना लावून गेली. काल दुसरी खाट आली. युवराज दारात उभा राहून मला मोठ्यानं म्हणाला, "आबा, आत्या येनार हाय. तुमाला सोबत झाली." मी विचारलं, तिची खोली कुठली. तो म्हणाला, "हीच की. दोघं भाऊ-बहीन ऱ्हावा निवांत." पेट्रोल पंपाचं काम निघालं की इथूनही उठावं लागेल, तेव्हा बघू म्हणाला.

आता तुला कधी न सांगितलेलं सांगतो. तो तुकडा राहून गेलेला नाही. मी ठेवला होता. वडील जाताना म्हणाले होते, "इहिरीकडचे धा गुंठं पोरीच्या नावानं असू द्या, तिला कवातरी लागतील." अठ्ठ्याण्णवला कागद केला तेव्हा मी तो गट मुद्दाम घातला नाही. नंतर तलाठ्याकडून त्याच्यावर तुझं एकटीचं नाव लावून घेतलं. सातबारा माझ्या पेटीत आहे. ही मोटारखोली, विहिरीचा काठ, रस्त्यापर्यंतची जागा, सगळं तुझं आहे. संक्रांतीला पोरानं बाहेर काढलं तेव्हा मी इथं आलो ते त्याचसाठी. त्याच्या जागेत राहत नाही, बहिणीच्या जागेत राहतोय, असं मनाला सांगत होतो.

तुला आधी का सांगितलं नाही म्हणून चिडशील. सांगितलं असतं तर तू तेव्हाच तोही सोडून दिला असतास. तुला सही करायची फार घाई असते. आणि गेल्या महिन्यात लिहायला पाहिजे होतं, ते पोराच्या निवडणुकीपायी लिहिलं नाही. तिथं माझं चुकलं.

मंगळवारी गाडीत बसू नकोस. गुडघा दुखतोय म्हण, ताप आला म्हण. सही दिली नाहीस तर इथून आपल्याला कुणी उठवू शकत नाही. दोन खोल्या वाढवू, तुझ्या पेन्शनीत आणि माझ्या अंगमेहनतीत होतील. तू तुझ्या हक्कानं ये.

दादा


बारामती,
९ ऑक्टोबर २०२४

ती. दादांना नमस्कार.

तुमचं पत्र आज सकाळी दहा वाजता मिळालं.

सही काल दुपारी झाली. युवराजनं मला हाताला धरून पायऱ्या चढवल्या, बसायला खुर्ची मागून घेतली, उसाचा रस पाजला. कचेरीतल्या कारकुनानं कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "बाई, एकदा वाचून घ्या." चष्मा माझ्या पर्समध्येच होता. मी म्हटलं, भाचा आहे माझा, घरच्या माणसाचा कागद काय वाचायचा.

मंदा